किती रात्री, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सुट्टी विशेष पुरवणीच्या पहिल्या पानावर जबाबदार पर्यटनावर लेख आहे. पाण्याची बाटली सोबत ठेवा, कापडी पिशवी घ्या, हॉटेलातले टॉवेल रोज धुवायला टाकू नका, असा त्याचा सूर. पान उलटलं की 'अजून गर्दी न पोचलेली ठिकाणं', नकाशासकट. आणि शेवटच्या पानावर रंगीत जाहिरात : बारा दिवस, सहा देश, नऊ शहरं. तिन्ही पानं एकाच सकाळी एकाच वाचकाच्या हातात पडतात. पहिलं पान वाचून तो पिशवी घेईल. बाकी सगळं उरलेली दोन पानं ठरवतील.

मी नोकरीची बहुतेक वर्षं सहली आखणाऱ्या कार्यालयात काढली. गटाबरोबर फिरण्यापेक्षा टेबलावर बसून आयटिनरी, म्हणजे सहलीचा दिवसवार कार्यक्रम, बनवणं, हॉटेलांचे आणि बसचे दर मागवणं, माणशी खर्च काढणं, हे माझं काम. त्यामुळे अशी जाहिरात दिसली की माझी नजर आपोआप तिच्यामागच्या कॉस्टिंग शीटकडे, म्हणजे खर्चाच्या तक्त्याकडे जाते. बाटलीला माझा विरोध नाही, मीही नेते. पण सहलीने निसर्गाचं आणि तिथल्या माणसांचं काय होणार, याचा निकाल बाटली भरण्याच्या कितीतरी आधी त्या शीटवर लागलेला असतो, आणि त्यातला सगळ्यात निर्णायक रकाना 'कुठे किती रात्री' हा असतो. आपल्या लेखात या रकान्याबद्दल अवाक्षर नाही, म्हणून हे पत्र.

आधी पैशांचं सांगते. गटाची सहल स्वस्त कशी होते? हॉटेल शहराबाहेर हायवेवर घ्यायचं. प्रवेश तिकिटाच्या जागी 'बाहेरून दर्शन' लिहायचं. आणि तरीही आकडा खाली येत नसेल तर दिवसाआड एक शॉपिंग स्टॉप घालायचा. शेवटच्या उपायाची परमावधी पाहायची असेल तर पूर्व आशियात ज्यांना 'शून्य डॉलर सहली' म्हणतात त्या पाहाव्यात. त्यात स्थानिक एजंट गट जवळजवळ फुकटात, प्रसंगी स्वतःच्या खिशातून पैसे घालून घेतो आणि दागिन्यांच्या, रबरी गाद्यांच्या, औषधांच्या ठरलेल्या दुकानांतून मिळणाऱ्या कमिशनवर वसुली करतो. गाइडला अनेकदा पगारच नसतो. प्रवाशांनी खरेदी केली नाही तर त्याची चूल पेटत नाही, मग तो बसमध्ये चिडतो, आणि प्रवासी घरी येऊन सांगतात की तिकडची माणसं लोभी आहेत. चीनने 2013 च्या पर्यटन कायद्यात अवास्तव कमी दराच्या आणि सक्तीच्या खरेदीच्या सहलींवर बंदी घातली. थायलंडने 2016 मध्ये असल्या कंपन्यांविरुद्ध मोठी मोहीम काढली. तरी प्रकार नावं बदलून चालूच असतो, कारण स्वस्त पॅकेजला गिऱ्हाईक आहे. साधा हिशेब आहे : विमान, खोली, बस आणि जेवणाच्या बाजारभावाची बेरीज पॅकेजच्या किमतीपेक्षा जास्त होत असेल, तर फरक कोणीतरी दुसरा भरतोय. तो बहुधा त्या सगळ्या साखळीतला सर्वांत गरीब माणूस असतो.

बसच्या ड्रायव्हरचंही तेच. युरोपीय संघात नियम आहे, की साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती, आणि दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर चालवायचं नाही. गाडीतलं यंत्र सगळी नोंद ठेवतं. 'ड्रायव्हर मुद्दाम थांबला, आमचा धबधबा चुकला' अशा तक्रारींची पत्रं माझ्या टेबलावर ढिगाने येत. धबधबा चुकला तो आखणीमुळे; सात तासांच्या रस्त्याला सात तासच दिले होते. जबाबदार पर्यटकाने ड्रायव्हरच्या झोपेचा विचार करावा, असं कुठल्याही लेखात मी वाचलेलं नाही.

आता मुक्कामाकडे येते. व्हेनिसचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण ते सांगितलं जातं ते नेहमी 'फार गर्दी झाली हो' या चालीवर. गर्दी कोणाची, हे पाहायला हवं. व्हेनिसच्या जुन्या शहरात 1951 च्या सुमाराला पावणेदोन लाख लोक राहत होते. 2022 मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. घरांचे पाहुण्यांसाठी फ्लॅट झाले, रोजच्या सामानाच्या दुकानांत मुखवटे आले. आणि येणाऱ्यांतला मोठा वाटा सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांचा. हे लोक गल्ल्या भरतात, कचरा टाकतात, फोटो काढतात आणि शहराला फारसं काही देऊन जात नाहीत. जेवणसुद्धा अनेकदा बसमधल्या पाकिटातलं. 2021 च्या ऑगस्टपासून मोठ्या क्रूझ जहाजांना सेंट मार्क चौकासमोरच्या जलमार्गातून जायला बंदी झाली. 2024 च्या एप्रिलपासून गर्दीच्या निवडक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांवर पाच युरो शुल्क आलं. पुढच्या वर्षी दिवस वाढवले आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्याला दहा युरो केले. रात्री मुक्काम करणाऱ्याला हे शुल्क नाही, तो हॉटेलच्या बिलातून वेगळा कर देतोच. पाच-दहा युरोंनी कोणी थांबेल असं मला वाटत नाही, एवढे पैसे तर कॉस्टिंग शीटमध्ये 'इतर' या रकान्यात मावतात. पण शहराने बोट योग्य जागी ठेवलं आहे.

भूतानने दुसरी वाट धरली. तिथे पर्यटकाला रात्रीमागे शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. 2022 च्या सप्टेंबरमध्ये ते 65 वरून 200 डॉलरवर नेलं, वर्षभरात पुन्हा निम्मं करून 100 वर आणलं. भारतीयांसाठी वेगळा, रुपयांतला दर आहे. 'थोडे लोक, पण मोलाचे' हे धोरण मला पटतं. पण रात्रीमागे शुल्क म्हणजे जो जास्त राहील त्यालाच जास्त भुर्दंड. लोक तीन रात्री राहून पळणार. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण 2023 मध्ये डॉलरमध्ये भरणाऱ्यांसाठी 'चार दिवसांचं शुल्क भरा, आणखी चार दिवस राहा' अशी सवलत काढली होती. एखादा देश मुक्काम लांबवायला स्वतः धडपडतो, यातच काय ते आलं.

लांब मुक्कामाचा सर्वांत मोठा फायदा मात्र आकाशात होतो. पर्यटनामुळे जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे 8 टक्के वायू बाहेर पडतात, असं 160 देशांच्या व्यवहारांचा माग काढणाऱ्या 2018 च्या एका अभ्यासात दिसलं. त्यात प्रवासाबरोबर जेवण, खरेदी, बांधकाम सगळं धरलेलं आहे. पण एखाद्या कुटुंबाच्या दूर देशीच्या सहलीचा हिशेब मांडला, तर बहुतेक भार विमानाचाच निघतो. दुसऱ्या खंडात जाऊन-येऊन एका प्रवाशाच्या नावावर पडणारा कार्बन डायऑक्साइड टनाच्या मापात मोजावा लागतो. प्लास्टिकच्या बाटलीचा हिशेब ग्रॅममध्ये होतो. शिवाय उंचावर विमानामागे उमटणारे पांढरे पट्टेही उष्णता अडवतात, ते वेगळंच. म्हणून वर्षाआड एकदा जाऊन तीन आठवडे राहणारा माणूस आणि दर सुट्टीत पाच दिवसांसाठी उडणारा माणूस यांना एकाच लेखात एकच उपदेश करणं मला हास्यास्पद वाटतं. थेट विमान मिळत असेल तर तेच घ्यावं. उतरून पुन्हा उड्डाण करण्यात इंधन जास्त जळतं, कारण चढताना ते सर्वाधिक वेगाने जळतं. बिझनेस क्लासची खुर्ची दोन-तीन माणसांची जागा खाते, तेव्हा तिच्या नावावर भारही तेवढाच. जिथे रेल्वे आहे तिथे रेल्वे. फ्रान्सने 2023 मध्ये अडीच तासांच्या आत रेल्वेने पोचता येतं अशा मार्गांवरची देशांतर्गत विमानं बंद केली. प्रत्यक्षात त्यात पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून सुटणारे तीनच मार्ग आले, त्यामुळे पुष्कळांनी टिंगलही केली. मला तीन मार्गही बरे वाटतात.

तिकिटाबरोबर 'तुमच्या प्रवासाचा कार्बन भरून काढा' म्हणून चार पैसे घेणारी जी चौकट येते, तिच्याबद्दल एवढंच : धूर आज निघतो आणि झाड मोठं व्हायला वीस वर्षं लागतात, तेही जगलं तर. खूण करायची तर करा, पण तेवढ्याने आणखी एक सहल मोकळी झाली असं धरू नका.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर हे पत्र भरल्या पोटाने दिलेलं उपासाचं व्याख्यान ठरेल. 2018 मध्ये जगातल्या जेमतेम 11 टक्के लोकांनी विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानांच्या निम्म्या उत्सर्जनाला एक टक्का लोकसंख्या जबाबदार आहे, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. आयुष्यभर साठवून एकदा परदेश पाहायला निघालेलं निवृत्त जोडपं हा या कथेतला खलनायक नाही. त्यांनी जावं, मनमुराद पाहावं. फक्त त्यांना सहा देश विकू नयेत. मी अशा जोडप्यांना दोन देश आणि मोठा मुक्काम सुचवत असे. निम्मे ऐकत, उरलेले म्हणत, 'शेजारचे सहा करून आले.' पर्यटनात देश 'करतात', हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

आता तुमच्या दुसऱ्या पानाकडे, म्हणजे गर्दी न पोचलेल्या ठिकाणांकडे. संपादक महाशय, ती यादी छापण्यामागचा हेतू चांगला असेल, की प्रसिद्ध जागांवरचा ताण कमी व्हावा. पण जिथे गर्दी पोचलेली नाही तिथे बहुधा शौचालयं, सांडपाण्याची सोय, गाड्या लावायला जागा, कचरा उचलणारी माणसंही पोचलेली नसतात. फिलिपिन्समधल्या बोराकायचं काय झालं ते पाहा. दहा-अकरा चौरस किलोमीटरचं बेट, पांढरी वाळू, आणि कितीतरी हॉटेलांचं सांडपाणी थेट समुद्रात. अखेर 26 एप्रिल 2018 पासून सरकारने अख्खं बेट सहा महिने पर्यटकांना बंद केलं. हॉटेलांत काम करणाऱ्या हजारो लोकांचा रोजगार त्या काळात बुडाला; घाण करणारे तोवर दुसऱ्या बेटावर पोहत होते. पुन्हा उघडताना एका वेळी सुमारे 19 हजार पर्यटकांची मर्यादा घातली. ती आधी घातली असती तर?

थायलंडची माया बे ही खाडी एका गाजलेल्या चित्रपटामुळे जगाला कळली. अडीचशे मीटरच्या आसपास लांबीचा किनारा, दिवसाला हजारो माणसं, नांगर टाकणाऱ्या बोटी. प्रवाळ उद्ध्वस्त झालं. 2018 च्या जूनमध्ये ती चार महिन्यांसाठी म्हणून बंद केली आणि उघडली थेट 2022 च्या जानेवारीत. मधल्या काळात उथळ पाण्यात काळ्या टोकाच्या परांचे शार्क परत आले. आता बोटी खाडीत शिरत नाहीत, मागच्या बाजूच्या धक्क्यावर लागतात. माणसं ठरावीक संख्येने सोडतात आणि दरवर्षी दोन महिने खाडी बंद ठेवतात. म्हणजे उपाय माहीत आहे. आइसलंडमधली एक घळ एका पॉप गायकाच्या व्हिडिओनंतर इतकी तुडवली गेली की 2019 मध्ये बराच काळ बंद ठेवावी लागली. तिथलं शेवाळ एकदा पायाखाली गेलं की भरून यायला दशकं लागतात. ऑस्ट्रियातल्या हालस्टाट गावात साडेसातशेच्या आसपास वस्ती, आणि मोसमात दिवसाला दहा हजारांपर्यंत पाहुणे. 2023 मध्ये गावकऱ्यांनी सेल्फीच्या जागेसमोर लाकडी कुंपण उभारलं. टीका झाल्यावर ते काढावं लागलं. घर त्यांचं, आणि संकोच त्यांनीच करायचा!

लोकांनी 'नको' म्हटल्यावर पर्यटक कसे वागतात, याचा नमुना मला उलुरूचा वाटतो. ऑस्ट्रेलियातला तो लाल खडक तिथल्या मूळ रहिवासी अनांगू लोकांना पवित्र आहे. 1985 मध्ये जमीन त्यांना परत मिळाली, पण चढाई चालू राहिली. पायथ्याशी 'कृपया चढू नका' अशी पाटी वर्षानुवर्षं होती. 2017 मध्ये उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळाने ठरवलं, की 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई बंद. मग काय झालं? बंद होण्याआधी चढून घ्यावं म्हणून झुंबड उडाली, शेवटच्या दिवसांत पायथ्याशी रांगा लागल्या. यातल्या पुष्कळांच्या पाठीवरच्या पिशवीत पुन्हा भरायची बाटली असणार, याबद्दल मला शंका नाही.

प्राण्यांचं थोडक्यात सांगते, कारण आता बऱ्याच जणांना ते कळलेलं आहे : हत्तीवर बसायचं नाही, झोपाळलेल्या वाघाबरोबर फोटो काढायचा नाही. ज्या प्राण्याला हजार अनोळखी माणसं हात लावू शकतात, त्याचं आधी काय केलेलं असेल याचा अंदाज बांधता येतो. गिर्यारोहणाला जाणाऱ्यांनी हमालांच्या ओझ्याची चौकशी करावी. आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वतावर हमालाच्या पाठीवर 20 किलोंची मर्यादा आहे, आणि ती पाळणारे व न पाळणारे ठेकेदार यांच्या दरांत फरक दिसतो तो इथूनच.

पण ज्या एका विनंतीवर मी कार्यालयात हटून बसत असे ती वेगळी. सुशिक्षित, सहृदय माणसं विचारत, 'एक दिवस एखाद्या अनाथाश्रमाला भेट ठेवता येईल का? मुलांना खाऊ देऊ, थोडं शिकवू.' हेतू निर्मळ. मी नकार दिला की त्यांना राग येई. कंबोडियात 2005 ते 2010 या पाच वर्षांत अशा निवासी संस्थांची संख्या 154 वरून 269 झाली. त्या काळात अनाथ मुलं वाढली नव्हती. पर्यटक वाढले होते. तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण, हयात होते. गरीब घरांतून 'शाळेत घालतो' म्हणून मुलं आणायची, पाहुण्यांसमोर नाचवायची आणि देणग्या गोळा करायच्या. देणगीदारांना दारिद्र्य दिसलं पाहिजे म्हणून मुलांना मुद्दाम फाटके कपडे घालायचे, हेही आढळलं. ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी हा गुलामगिरीचाच प्रकार आहे, असं मानणारा तो पहिला देश ठरला. मी विचारणाऱ्यांना उलट एकच विचारत असे : तुमच्या नातवाच्या वर्गात दर मंगळवारी परदेशी पाहुण्यांची बस आली, मुलांना मांडीवर घेऊन फोटो काढून गेली, तर चालेल? बहुतेक गप्प होत. एक गृहस्थ म्हणाले, 'ते वेगळं.' काय वेगळं, ते त्यांना सांगता आलं नाही.

'एवढे नियम लावलेत तर लोक फिरणं सोडतील आणि गरिबांचा रोजगार जाईल', हा युक्तिवाद मला माहीत आहे. 2020 मध्ये महामारीत जगातले आंतरराष्ट्रीय पर्यटक जवळपास तीन-चतुर्थांशांनी घटले, तेव्हा वाटाडे, नावाडी, खानावळवाले यांचे काय हाल झाले तेही मी जवळून पाहिलं आहे. आमच्या यादीतले कितीतरी फोन नंबर त्यानंतर लागलेच नाहीत. म्हणूनच मी 'फिरू नका' म्हणत नाही. दोन तासांसाठी आलेली बस वाटाड्याला काही देत नाही. चार रात्री राहिलेलं कुटुंब वाटाडा घेतं, गल्लीतल्या खानावळीत जेवतं, कपडे धुवायला देतं, दुसऱ्यांदा त्याच रिक्षावाल्याला बोलावतं. खोली मालकाकडे थेट फोन करून घेतली तर मधल्या संकेतस्थळाचं कमिशन वाचतं, ते बहुधा पंधरा टक्क्यांच्या घरात असतं. घरगुती मुक्काम घेताना मात्र घरमालक त्याच घरात राहतो का, हे विचारावं. बार्सिलोनाने पर्यटकांना भाड्याने देण्याच्या दहा हजारांहून अधिक फ्लॅटचे परवाने 2028 अखेरपर्यंत संपवायचं ठरवलं आहे, ते शहरातल्याच लोकांना घर परवडेनासं झालं म्हणून.

आता माझं मागणं. प्रवासाच्या लेखाखाली 'कसे जाल, काय खाल' अशी चौकट असते. तिच्यात आणखी तीन ओळी घाला : निदान किती रात्री राहावं, तिथे प्रवेशाची किंवा संख्येची काय मर्यादा आहे, आणि कुठल्या महिन्यांत जाऊ नये. अज्ञात जागांचे नकाशे छापणं थांबवा. छापायचेच असतील तर आधी त्या गावाला विचारा. लेखक एखाद्या कंपनीच्या किंवा पर्यटन मंडळाच्या खर्चाने फिरून आला असेल, तर लेखाखाली तसं स्पष्ट लिहा. असे दौरे ठरवणं हेही माझ्या कामात होतं, तेव्हा ते किती चालतात हे मला नव्याने कळलेलं नाही.

आणि जाहिरातींबाबत. त्यांच्याशिवाय पुरवणी निघत नाही हे मला कळतं. तरी एक अट घालता येईल : शहरांच्या नावापुढे कंसात मुक्कामाच्या रात्री आणि तळाला बसप्रवासाचे एकूण तास छापायचे. कंपन्यांकडे हे आकडे नसतात असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कॉस्टिंग शीटमध्ये ते पहिल्याच पानावर असतात.

आपली,
सहल आखणीतून निवृत्त झालेली एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)